डाउनलोड केलेल्या व्हिडिओची चांगली डीव्हीडी

एमपी४ फाईल नुसती डिस्कवर कॉपी केली तर शाळेतला जुना डीव्हीडी प्लेअर ती बहुधा दाखवत नाही. त्याला एमपीईजी-२ लागतं. डीव्हीडीस्टायलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर आणि बर्निंग दोन्ही होतं. फक्त पाल निवडा, म्हणजे चित्र ७२०×५७६ चं बनेल.

खरी मेख बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणाऱ्या जागेत आहे. ४.७ जीबीच्या डिस्कवर एकच तास ठेवला तर ८ एमबीपीएस आरामात मिळतात. तीन तास कोंबले तर जेमतेम ३, मग हलत्या दृश्यांत चौकोन दिसणारच!

आणि मूळ फाईलच २४०पी असेल तर? कितीही बिटरेट द्या, फळ्यावरची अक्षरं पुसटच राहतील. डाउनलोड करतानाच ४८०पी किंवा ७२०पी घ्या. पहिला प्रयोग आरडब्ल्यू डिस्कवर करा, बिघडली तरी पुसून पुन्हा वापरता येते.