काच काढायची, पण न फोडता!

सोलापूरहून बीडकडे निघालं की मांजरसुंब्याच्या आधी चौसाळा हे गाव लागतं. सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव! एसटी, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, काळी-पिवळी जीप, सगळ्यांची इथून ये-जा. अशा रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या टायरखालून एखादा खडा सटकन उडतो आणि मागच्या गाडीच्या काचेवर 'टक्' करून आपटतो. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. मग ती काच काढून नवी बसवावी लागते.

फुटकी काच काढणं त्या मानानं सोपं. ती टाकूनच द्यायची असते! पण धडधाकट काच काढून, गाडीला नवा रंग देऊन, तीच काच परत बसवायची असेल तर? आणि ती गाडी लॅम्बोर्गिनीसारखी महागडी स्पोर्ट्स कार असेल तर? मग मात्र भल्याभल्या कारागिरांना घाम फुटतो.

लॅम्बोर्गिनी म्हटलं की आपल्याला वाटतं, त्या गाडीचा नि आपल्या गावाचा काय संबंध? पण गंमत ऐका. इटलीतल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी १९४८ साली कारखाना काढला तो ट्रॅक्टरचा! स्पोर्ट्स कारची कंपनी त्यांनी १९६३ साली सुरू केली. म्हणजे या गाडीचा थोरला भाऊ शेतात नांगर ओढत होता!

दोन काचांचं सँडविच

गाडीची पुढची काच ही एक काच नसतेच. त्या असतात दोन पातळ काचा, आणि मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा. हा पापुद्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. उष्णता आणि दाब देऊन तिन्ही थर एकजीव करतात. काचेला तडा गेला तरी तुकडे या पापुद्र्याला चिकटून राहतात, आतल्या माणसाच्या डोळ्यांत जात नाहीत.

ही युक्ती सुचली एका अपघातातून. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचा चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही! आतलं सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण वाळून काचेला आतून पातळ थर बसला होता. पुढे १९०९ साली त्यांनी अशा काचेचं पेटंट घेतलं. आज आपल्या देशातही मोटारीची पुढची काच अशी थरांची असावी, असा नियमच आहे.

दोरी आणि डिंक

जुनी ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी आठवते? त्यांची काच रबराच्या पट्टीत बसवलेली असे. पट्टीच्या खाचेत दोरी घालायची, काच जागेवर टेकवायची आणि आतून दोरी ओढत न्यायची. रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते! काढताना उलटं. रबर हलकेच उचकटायचं आणि आतून काच बाहेर ढकलायची. जुन्या बसगाड्यांनाही हीच पद्धत होती.

नव्या गाड्यांची काच मात्र चिकटवलेली असते. हा 'डिंक' म्हणजे युरेथेन. वाळल्यावर तो रबरासारखा चिवट होतो आणि काच जणू गाडीच्या सांगाड्याचाच भाग बनते. गाडी उलटली तर छताला आधार देण्यात काचेचाही वाटा असतो. ड्रायव्हरशेजारची एअरबॅग फुगते, तेव्हा बऱ्याच गाड्यांत ती काचेवर टेकूनच माणसाला झेलते. काच नीट चिकटलेली नसेल तर? ती बाहेर फेकली जाईल आणि एअरबॅगही कुचकामी ठरेल!

साबण कसा कापाल?

आता हा चिवट डिंक कापायचा कसा? एक सोपा प्रयोग करा. साबणाची वडी आधी सुरीनं कापा (सुरीसाठी मोठ्यांची मदत घ्या हं!). मग दुसरी वडी ताणलेल्या दोऱ्यानं कापा. दोरा किती सफाईनं जातो पाहा! काच काढणारे कारागीर हेच करतात.

आधी गाडी सावलीत, सपाट जागी उभी करतात. बॉनेटवर आणि आत डॅशबोर्डवर जाड कापड अंथरतात. वायपर, कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आरसा, काचेला लावलेले कॅमेऱ्याचे किंवा पावसाच्या सेन्सरचे जोड, सगळं अलगद सोडवतात. रंगाच्या कडेला चिकटपट्टी लावतात. मग दाभणासारख्या हत्यारानं डिंकाला भोक पाडून त्यातून बारीक तार ओवतात. एक जण आत, एक जण बाहेर. दोघं तार आळीपाळीनं ओढतात, करवतीसारखी. घाई केली की तार तापते आणि तुटते. तुटलेलं टोक चाबकासारखं उसळतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे हवेतच.

स्पोर्ट्स कारला तर पोलादी तारेऐवजी मजबूत धाग्याची दोरी अधिक चांगली, कारण ती रंगाला ओरखडे पाडत नाही. २०११ साली आलेल्या लॅम्बोर्गिनी अॅव्हेंतादोरची बसायची जागा कार्बन फायबरची आहे. तिथे सुरीचं पातं घुसलं तर धागेच कापले जायचे! शिवाय या गाड्यांची काच खूप रुंद आणि जवळजवळ आडवी असते. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात हात पोचणंच मुश्कील.

डिंक सगळीकडून सुटला की काचेवर हवेनं चिकटणारे रबरी कप लावतात आणि दोघं जण ती एकाच वेळी, सारखी उचलतात. एकच कोपरा आधी उचलला तर काच पिळवटते आणि कडेपासून तडकते. काचेची कड हीच तिची नाजूक जागा, बरं का!

वाळू द्या!

परत बसवताना जुना डिंक पूर्ण खरवडत नाहीत. त्याचा पातळ थर ठेवून त्यावर नवा लावतात. पत्र्यावर ओरखडा उठला असेल तर तिथे आधी प्रायमर लावतात, नाहीतर गंज धरतो.

आणि मग थांबायचं! हा डिंक हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. म्हणजे बीडसारख्या कोरड्या भागात, मे महिन्याच्या रखरखीत दुपारी, तो मुंबईपेक्षा सावकाश आवळतो. आपल्याला वाटतं, एवढ्या उन्हात चटकन वाळेल. होतं नेमकं उलटं! कुठला डिंक किती तास घेतो, हे त्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

हे काम तुम्ही स्वतः करून पाहायचं नाही, हे सांगायला नकोच. पण लक्षात ठेवा, गाडी कोट्यवधींची असो की काळी-पिवळी जीप, काच डिंकानं चिकटवलेली असेल तर आत बसणाऱ्यांचा जीव त्या डिंकाच्या भरवशावर असतो. घरच्या गाडीची काच बदलली आणि मोठी माणसं लगेच निघायची घाई करू लागली, तर तुम्हीच विचारा, "डब्यावर किती तास लिहिलेत?"