कट्टकन मोडली तर वाळली

गेल्या हिवाळ्यात पुतणीने जम्मूहून लव्हेंडरची वाळकी फुलं आणली, पावभरसुद्धा नव्हती. डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहला शेतकरी मका सोडून हे पीक घेऊ लागलेत. थंडीचं झाड ते. आमच्या मोर्शीच्या वैशाखात आठवडाभर तग धरणार नाही. कपाटात ठेवायला दोन वासाच्या पिशव्या शिवल्या आणि फुलं संपली. कापड उरलं, कपाटंही उरली. दारात मात्र अंबिया बहाराच्या संत्र्यांच्या सालींचा ढीग होता. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फळाला. सालीला कोण विचारतं?

शिवण सोपं, वाळवण अवघड. पहिल्या खेपेला मी दोनच दिवसांत साली भरल्या. वरून कोरड्या, आतला पांढरा पापुद्रा ओल धरून. पंधरा दिवसांनी पांढऱ्या लुगड्यावर हिरवट गोल डाग! काकू हसली नाही, एवढे तिचे उपकार. म्हणाली, "वाळली म्हनतं, पन मोडून पाह्यली का? कट्टकन मोडली तं वाळली समज." उन्हात लवकर वाळतात खऱ्या, पण सालीवरच्या बारीक ठिपक्यांत तेल असतं, तेच उडून जातं. म्हणून सावलीत, ओसरीवर सुपात पसरून, रोज हलवून, आठ-दहा दिवस.

सोबत वाळा हवा. त्याच्या मुळ्या कात्रीने पेराएवढ्या कापायच्या. लांब राहिल्या की कापडातून टोचतात, रेशमाचा धागा ओढतात. नागरमोथा नुसता ठेचायचा. त्याची पूड केली की विणीतून गळते आणि घडीत धूळ बसते.

कापड जुन्या धोतराचं. वीतभर लांब, चार बोटं रुंद पट्टी सुलटी बाजू वर ठेवून मधोमध दुमडायची, दोन्ही कडांना बारीक टीप मारायची. कोपरे तिरपे छाटले तरच उलटवल्यावर टोक नीट बसतं. भरताना हावरेपणा नको. वास येतो तो पिशवी चुरगळल्यावर, आणि ठासून भरलेली पिशवी चुरगळत नाही. तोंडाला मशीन लावू नये. हाताने सैल धावदोरा घालावा, कारण वर्षाने तो उसवायचाच असतो.

आणखी एक. जरीवर पिशवी थेट ठेवू नका, सालीच्या तेलाचा डाग पडतो. आणि कसर लागलेलं लुगडं या पिशवीने वाचत नाही. ते धुऊन उन्हातच घालावं लागतं.

यंदाचा अंबिया उतरू लागला तशा मी गेल्या वर्षीच्या चौदा पिशव्या उसवल्या. लव्हेंडरच्या दोन तशाच ठेवल्यात. त्यांचं भरण पुतणी जम्मूहून येईल तेव्हा.