रिकाम्या पेट्यांचा हिशेब

संगणक चालू असतो, पण जाळ्यावरून आलेला निरोप घेईनासा होतो. आणि पहिला ठपका येतो तो पाळीवरच्या माणसावर. संघटनेच्या कामात आम्ही हे पाहिले, म्हणूनच ही विद्या वेळ काढून शिकलो.

फ्रीबीएसडी ह्या युनिक्स कुळातील प्रणालीत निरोप ठेवण्यास 256 बाइटांच्या लहान पेट्या असतात, त्यांना एमबफ म्हणतात; 2048 बाइटांच्या मोठ्या पेट्या म्हणजे क्लस्टर. त्यांच्या संख्येला मर्यादा असते. काम संपताच पेटी परत आली पाहिजे. न आल्यास नव्या निरोपाला जागा उरत नाही.

'नेटस्टॅट -एम' ही आज्ञा दिली की वापरातील पेट्या, मर्यादा आणि नाकारलेल्या मागण्या दिसतात. हे आकडे तासातासाला टिपावेत. गर्दी ओसरल्यावर वापर उतरला, तर मर्यादाच अपुरी होती, ती वाढवावी. उतरला नाही, तर कोणीतरी पेट्या अडवून बसले आहे. 'नेटस्टॅट -ए -एन'मध्ये एखाद्या जोडणीपुढे न वाचलेल्या बाइटांचा ढीग दिसला, तर निरोप न उचलणारा प्रोग्राम सापडला. ढीग नसेल, तर संशय ड्रायव्हरवर. अशा वेळी मर्यादा वाढविणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: माणसाला जाब विचारण्याआधी आकडे मागा.