मरणाचे नाव टाळणारी बोली

रात्री घरात साप निघाला, तर आपल्याकडची जुनी माणसे त्याचे नाव घेत नाहीत. ‘लांबडं निघालंय’ म्हणतात. बांगडी फुटली, तर बाया ‘वाढवली’ म्हणतात. ज्याची धास्ती, त्याचे नाव टाळायचे, ही माणसाची फार जुनी रीत. मंडळी, दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) इंग्रजांच्या विमानदलातील, म्हणजे रॉयल एअर फोर्समधील विशी-बाविशीच्या पोरांनीही हीच रीत पाळली. कशी, ते पाहू या.

रात्री विमाने जर्मनीवर बॉम्ब टाकायला जात. पहाटे परतलेली विमाने मोजली, की काही कमी भरत. पण ‘अमका मेला’ असे सहसा कोणी म्हणत नसे. ‘तो बर्टनसाठी गेला’ म्हणत. बर्टन हे बिअरसाठी नावाजलेले गाव. गडी कुठेतरी प्यायला बसला असेल, असा या बोलण्याचा अर्थ बहुतेक जण लावतात. विमान समुद्रात कोसळले, तर ते ‘पेयात’ पडले. जमिनीवर आपटले, तर नुसते ‘प्रँग’ झाले!

ही पोरे निगरगट्ट होती काय? आकडा पाहा. बॉम्बफेकी विमानांवर सुमारे १,२५,००० जणांनी काम केले; त्यांतले ५५,५७३ प्राणांस मुकले. प्रत्येकासाठी रडत बसले असते, तर दुसऱ्या रात्री विमानात चढले कोण असते?

यंत्र ऐन वेळी बिघडले, तर तो ‘ग्रेमलिन’चा प्रताप. ग्रेमलिन म्हणजे विमानात दडून खोड्या करणारे भूत. आपल्या मुंजाचा धाकटा भाऊच म्हणा ना! खापर त्याच्यावर फुटले, की दोस्ताच्या डोक्यावर फुटत नसे.

शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशीही एक गोष्ट आहे. १९४१ साली विमानदलाने ‘टी एम’ नावाचे शिक्षणविषयक मासिक काढले. त्यात बिल हूपर यांनी चितारलेला पायलट ऑफिसर प्रून करू नये ते सगळे करी. वाचणारे त्याला हसत आणि हसता हसता स्वतः शहाणे होत. छडीपेक्षा हे बरे, नाही का?

या बोलीत आपलाही वाटा आहे, बरं का. खात्रीची बातमी म्हणजे ‘पक्का जेन’. त्यातला पक्का आपलाच. त्याहून जुना शब्द ‘डूलॅली’, म्हणजे डोके फिरलेला. हे आपले नाशिकजवळचे देवळाली. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहत आणि काही भ्रमिष्टासारखे वागू लागत. ते दुखणे म्हणजे ‘डूलॅली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप!

गुरुजींनी एकदा मुलांना विचारून पाहावे, की आपल्या गावात कशाकशाचे नाव टाळतात आणि का. आणि संकटात कोणी थट्टा करताना दिसला, तर त्याला लगेच निर्दय म्हणू नये. त्याच्याही घरात लांबडं निघालेलं असेल.