अडविण्याची विद्या आणि तिचे मोल

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता पातूर सोडताच घाट चढू लागतो. या घाटाच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या गावांत सुगी आटोपली, की कबड्डीचे सामने रंगू लागतात. ध्वनिक्षेपकावरून चढाई करणाऱ्या गड्याच्या नावाचा गजर चालू असतो. त्याने दोघांना बाद केले, की गर्दीतून कोणीतरी बक्षीस जाहीर करतो. परंतु डाव्या कोपऱ्यात वाकून उभ्या राहिलेल्या ज्या पोराने नेमक्या क्षणी त्याच गड्याचा घोटा धरला आणि सामना फिरविला, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी फारसे कोणाच्या स्मरणात नसते. घोटा केव्हा धरावा आणि केव्हा सोडून द्यावा, हे त्या पोराला ज्याने शिकविले, त्याची तर चौकशीही होत नाही.

हा दोष केवळ खेड्यातील मैदानाचा नव्हे. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघटनेची स्थापना १९४६ सालची. कोणी किती गुण केले, याची नोंद तेथे प्रारंभापासून होत आली. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू कोणी हिसकावला, टोपलीकडे निघालेला चेंडू कोणी वरच्या वर थोपविला, याची अधिकृत मोजणी सुरू होण्यास १९७३-७४ चा हंगाम उजाडावा लागला. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ अडविणारे खेळत राहिले, पण हिशेबाच्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. जे मोजले जात नाही त्याला किंमत मिळत नाही, हा अर्थव्यवहारातील नित्याचा अनुभव खेळालाही चुकलेला नाही.

या बाबतीत आपली कबड्डी अधिक न्यायी म्हणावी लागेल. चढाई करणाऱ्याने एकाला स्पर्श करून परतल्यास एक गुण. त्याला पकडल्यासही एकच गुण. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर एक गुण अधिक. परंतु ही पकड दिसते तितकी सोपी नसते. चढाईची मुदत तीस सेकंदांची. कोणालाही बाद न करता परतावयाचे तरी चढाईपटूला निदान रेषा ओलांडावीच लागते, आणि समोर सहा किंवा सात गडी असतील तर पलीकडची बोनस रेषा त्याला खुणावत असते. तो आत किती येतो, कोणत्या पायावर भार देतो, वळताना त्याचा तोल कोठे जातो, हे कोपऱ्यातील व मध्यातील रक्षकांनी हेरावयाचे असते. एकाने उतावीळपणे झेप घेतली आणि इतरांची साथ मिळाली नाही, तर चढाईपटू मध्यरेषा गाठतो आणि त्याला शिवलेले सारेच बाद होतात. म्हणून पकड ही बळाची नव्हे, संयमाची आणि एकमेकांवरील विश्वासाची विद्या आहे. ती आपोआप येत नाही. कोणीतरी वर्षानुवर्षे ती घोटून घ्यावी लागते.

अशा घोटून घेणाऱ्यांपैकी एक नाव विदर्भाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. श्रीमती शैलजा जैन यांचा जन्म नागपूरचा, कर्मभूमी नाशिक. राज्याच्या क्रीडा खात्यात प्रशिक्षक म्हणून त्यांनी कबड्डीच्या खेळाडूंच्या पिढ्या घडविल्या. २०१४ साली त्या निवृत्त झाल्या. भारतीय महिला संघाला शिकविण्याची संधी आपणास मिळाली नाही, हे शल्य त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे बोलून दाखविले. सरकारी दप्तराच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द येथे संपली होती. वस्तुतः तिचे सर्वांत मोठे पर्व अद्याप यावयाचे होते.

२०१७ साली इराणने आपल्या महिला संघाची धुरा त्यांच्याकडे सोपविली. परका देश, परकी भाषा, वेगळे रीतिरिवाज. त्यांनी फारसी शिकून घेतली आणि खेळाडूंच्या दिनक्रमात योगासने व प्राणायाम आणले. फळ लगेच आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इराणमधील गोरगान येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे भारतीय महिलांनी अंतिम फेरीत दक्षिण कोरियाला ४२-२० असे हरविले. यजमान इराणला अंतिम फेरीही गाठता आली नव्हती. तरीही इराणने प्रशिक्षक बदलला नाही. शिक्षणातील गुंतवणूक पहिल्याच हप्त्यात व्याज देत नाही, हे तेथील कोणाला तरी उमगले असले पाहिजे.

२४ ऑगस्ट २०१८ रोजी जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील महिला कबड्डीचा अंतिम सामना झाला. २०१० साली या स्पर्धेत महिला कबड्डीचा समावेश झाल्यापासून सुवर्णपदक भारताचेच होते. मध्यंतराला भारत १३-११ असा पुढे होता. उत्तरार्धात पारडे फिरले आणि इराणने सामना २७-२४ असा जिंकला. चारच वर्षांपूर्वी, २०१४ च्या अंतिम सामन्यात, याच दोन देशांच्या लढतीत भारताने ३१-२१ असा विजय मिळविला होता. दहा गुणांची पिछाडी भरून काढून तीन गुणांची आघाडी घेण्याइतकी मजल इराणने मारली. तीन गुण म्हणजे फार तर तीन पकडी! आदल्या दिवशी पुरुषांच्या उपांत्य सामन्यातही इराणने भारताला २७-१८ असे नमविले होते. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके मिळविणाऱ्या संघाचा हा पराभव होता.

या यशाचे सारे श्रेय एका व्यक्तीला देणे अर्थातच योग्य होणार नाही. इराणच्या मुली पूर्वीच अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या होत्या, आणि पकडीच्या खेळात त्या देशाने स्वतःची परंपरा निर्माण केली आहे. त्याच २०१८ साली प्रो कबड्डीच्या लिलावात डाव्या कोपऱ्याचा इराणी रक्षक फझल अत्राचली याच्यासाठी मुंबईच्या संघाने एक कोटी रुपये मोजले. अडविणाऱ्याची किंमत अखेर बाजारालाही कळली. अडविण्यास शिकविणाऱ्याची मात्र अद्याप कळावयाची आहे.

परदेशाच्या संघाला शिकवून आपल्याच संघाचा पराभव घडविणे कितपत योग्य, असा आक्षेप काहींच्या मनात येईल. त्याला वऱ्हाडानेच उत्तर देऊन ठेवले आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, ती हा खेळ जगाने खेळावा म्हणूनच. जगाने तो मनापासून खेळावयास घेतल्यावर कधीतरी आपण हरणार, हे ओघानेच आले. त्याचे वैषम्य मानण्याचे कारण नाही. २०२३ साली हांगझोऊ येथे भारतीय महिलांनी तैवानच्या संघाला २६-२५ असे हरवून ते सुवर्णपदक परत मिळविलेही.

खरा प्रश्न पदकाचा नाही. यंत्र वापरले, की झिजते; म्हणून हिशेबनीस दरवर्षी त्याच्या किमतीतून घसारा वजा करतात. शिकविणाऱ्याचे ज्ञान वापराने झिजत नाही, उलट वाढते. असे असता आपण मात्र त्याच्या किमतीतून घसारा कापत राहतो, आणि वयाची ठरावीक वर्षे भरताच ती शून्यावर आणून ठेवतो. नवोदितांना जागा मिळण्यासाठी निवृत्ती आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु पद रिकामे करणे आणि विद्या वाऱ्यावर सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पद नव्या माणसाला द्यावे. त्याच्या शेजारी जुन्या माणसासाठी एक खुर्चीही ठेवावी.

यासाठी मोठ्या योजनांची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात शाळांतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक आहेत. त्यांची यादी करणे, आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांना मैदानावर सन्मानाने बोलाविणे, प्रवासखर्च आणि माफक मानधन देणे, एवढे शाळांच्या संस्थाचालकांना आणि पंचायत समितीला जमण्यासारखे आहे. हाच न्याय गणिताच्या आणि भाषेच्या शिक्षकांनाही लागू पडतो. कच्च्या विद्यार्थ्याची चूक नेमकी कोठे होते, हे हेरण्याची नजर पदवीने येत नाही. ती हजारो वह्या तपासून येते.

पातूरच्या परिसरात पुढच्या मोसमात पुन्हा सामने भरतील. पुन्हा चढाईपटूच्या नावाचा गजर होईल, आणि तो व्हावाही. मात्र पकड झाल्यावर निवेदकाने क्षणभर थांबून पकडणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि त्याला शिकविणारा कोण, हेही विचारावे. कदाचित तो गर्दीत मागेच कोठेतरी उभा असेल.