विजेचा माग काढणारी माणसं

एक युनिट वीज म्हणजे नेमकी किती? लाइट बिलावर तो नुसता आकडा असतो, काही रुपयांचा. पण तेवढ्या ऊर्जेत नऊशे किलोची छोटी मोटार न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या छतापर्यंत, म्हणजे 381 मीटर उंच, उचलता येते आणि तरी थोडी ऊर्जा उरते! दीड टनाचा घरगुती एसी पूर्ण जोमात चालला तर एवढी ऊर्जा तासाभराच्या आत संपवतो. मग एखादं दहा-बारा मजली कार्यालय डोळ्यांपुढे आणा. तिथे दिवसभर जी युनिटं येतात ती जातात तरी कुठे?

याचा माग काढणं हा काही माणसांचा पेशा आहे. आपल्याकडे 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, पुढच्याच वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, आणि त्यातून एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा आली. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला आणखी चौथा. हे काम म्हणजे दिवे बंद करा असं सांगत फिरणं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ही माणसं इमारतीत जे पाहतात ते ऐकून तुम्ही थक्क व्हाल.

पहिली गोष्ट अशी, की खोलीत शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. दिव्याचा उजेड भिंतींवर पडून विरतो आणि त्या किंचित तापतात. संगणक कितीही अवघड गणितं सोडवो, 100 वॅट घेणारा संगणक खोलीला 100 वॅटच्या हीटरइतकंच तापवतो! ही उष्णता मग एसीला बाहेर नेऊन टाकावी लागते. साधारण तीन युनिट उष्णता बाहेर काढायला त्याला एक युनिट वीज लागते. म्हणजे जास्तीच्या दिव्याचं बिल दोनदा भरायचं: एकदा उजेडासाठी, एकदा त्याची धग हटवण्यासाठी.

आणि आपण स्वतः? शांत बसलेला माणूससुद्धा सुमारे 100 वॅट उष्णता सोडत असतो. हजार प्रेक्षकांनी भरलेलं नाट्यगृह म्हणजे 100 किलोवॅटची शेगडीच. पण मंगळवारच्या प्रयोगाला तीनशेच जण आले, तर ते यंत्रणेला कळणार कसं? श्वासावरून! परतीच्या हवेत एक संवेदक कार्बन डायऑक्साइड मोजत राहतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतं, आणि माणसं जमली की आत ते चढू लागतं. त्या आकड्यावरून यंत्रणा ठरवते, बाहेरची ताजी हवा किती आत घ्यायची. मुंबईच्या जुलैत हा निर्णय फार महागाचा असतो, कारण त्या हवेसोबत पाणीही आत येतं. बाष्पाचं एक लिटर पाणी होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता सुटते, आणि तीही एसीलाच उचलावी लागते.

ही सगळी उष्णता शेवटी पोहोचते गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये. तिथे तर आपल्या माठाचीच करामत चालते: थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उरलेलं थंड करून जातं.

पण मला सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो पंख्याचा नियम. हवा ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला, तर वीज किती वाचेल? 20 टक्के? नाही, जवळजवळ निम्मी! वेग निम्म्यावर आणला तर लागणारी शक्ती उरते एक अष्टमांश. असं का होतं? वेग निम्मा झाला की हवा निम्मी वाहते, पण ती ढकलायला लागणारा दाब एक चतुर्थांशावर येतो, आणि शक्ती म्हणजे या दोघांचा गुणाकार. मोटारीतला व्यय धरला तर प्रत्यक्षातली बचत थोडी कमी भरते, तरी आकडा अचाट राहतो. अनेक इमारतींत मात्र पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि हवा नकोशी झाली की वाटेतली झडप अर्धी मिटतात. तिथे वेग बदलणारी ड्राइव्ह बसवली की आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही, बिल तेवढं उतरतं.

आता पुन्हा एम्पायर स्टेटकडे जाऊ. 1931 साली उभ्या राहिलेल्या या इमारतीची ऊर्जा-दुरुस्ती 2009 च्या सुमारास हाती घेतली गेली. तिथे 6,514 खिडक्या होत्या. त्या फेकून नव्या आणायच्या? मंडळींनी इमारतीतच, पाचव्या मजल्यावर, कारखाना थाटला! जुन्या खिडक्या काढायच्या, दोन काचांच्या मध्ये पातळ फिल्म ताणायची, फटीत आरगॉन आणि क्रिप्टॉन वायू भरायचा, आणि तीच खिडकी परत बसवायची. जवळजवळ सगळी काच पुन्हा वापरली गेली. रेडिएटरांच्या मागे उष्णता परतवणारे पडदे लागले, दिवे सुधारले. आणि मग खरी गंमत घडली. थंड करण्याचा भार इतका घटला की चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं, बदलून मोठे घेण्याची गरजच राहिली नाही, जुन्यांचीच दुरुस्ती करून भागलं. खिडकीवर केलेला खर्च तळघरातल्या यंत्रांवर वाचला! म्हणूनच कामांचा क्रम इतका मोलाचा. चिलर आधी घेतले असते, तर मोठेच घेतले गेले असते. ऊर्जावापरात 38 टक्के घट हे या प्रकल्पाचं उद्दिष्ट होतं. हा हिशेब मांडायचा तर वास्तुरचना, यंत्रं आणि पैसा हे तिन्ही एकाच डोक्यात एकत्र नांदावे लागतात, आणि या पेशाची खरी मौज मला त्यातच दिसते.

लिफ्टचंच पाहा. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेलं वजन रिकाम्या पिंजऱ्यापेक्षा जड ठेवलेलं असतं, साधारण निम्म्या प्रवाशांच्या भाराइतकं जास्त. त्यामुळे रिकामी लिफ्ट वर जाताना तिला ओढावं लागत नाही, उलट आवरावं लागतं! त्या वेळी मोटर वीज खाण्याऐवजी वीज बनवू लागते. एरवी ती वीज माथ्यावरच्या मशीन रूममध्ये रोधकांत जाळून टाकतात, त्याने खोली तापते, आणि ती थंड ठेवायला तिथे आणखी एक एसी लागतो. रीजनरेटिव्ह ड्राइव्ह बसवली की तीच वीज इमारतीच्या तारांमध्ये परत येते आणि त्याच क्षणी एखाद्या मजल्यावरचे दिवे, पंप किंवा संगणक ती वापरून टाकतात.