दारं उघडी, तोंडं बंद

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कॅना नावाचं एक बेट आहे. लांबी जेमतेम सात किलोमीटर आणि २०१५ साली वस्ती पंचविसाच्या आसपास. तिथलं एकुलतं एक दुकान सगळ्या गावाचं. रात्री त्याला कुलूप लावत नसत, कारण बंदरात मुक्कामाला आलेल्या कोळ्यांना अवेळी काही लागलं तर त्यांनी आत यावं, हवं ते घ्यावं, वहीत नोंद करावी आणि पैसे ठेवून जावं, अशी रीत होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये एका रात्री कुणीतरी वहीत काहीच न लिहिता चॉकलेटं, बिस्किटं, कॉफी, बॅटऱ्या आणि हातानं विणलेल्या लोकरी टोप्या उचलून नेल्या. सगळा मिळून ऐवज दोनशे पौंडांच्या घरातला. मोठ्या शहरात एवढ्या चोरीची कुणी दखलही घेतली नसती. कॅनाची बातमी मात्र ब्रिटनभर छापून आली, कारण त्याआधीची चोरी आठवायला बेटावरच्या लोकांना थेट १९६०च्या दशकापर्यंत मागं जावं लागलं. तेव्हा चर्चमधली एक कोरीव लाकडी थाळी गेली होती.

अशी बातमी वाचली की आपण हळहळतो: आता तिथंही चोर पोचले म्हणायचे! त्या हळहळीमागे एक समजूत असते, की चारी बाजूंनी पाणी असलेली जागा आपोआप सुरक्षित असते, आणि दाराला कुलूप नसणं हा त्या सुरक्षिततेचा पुरावा. ही समजूत अर्धीच खरी आहे. छोट्या बेटाला राखते ती माणसांची एकमेकांशी असलेली ओळख. पाण्याचा वाटा त्या मानानं थोडा. आणि जी ओळख घरफोडी होऊ देत नाही, तीच काही वेगळ्या, अधिक गंभीर गुन्ह्यांवर पांघरूण घालते. म्हणून बेटावर राहायला जाणाऱ्यानं कडी-कोयंड्याची चौकशी जरूर करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्यावर अन्याय झालाच तर तो सांगायचा कुणाला, हेही त्यानं तितक्याच काळजीनं विचारावं.

आधी पाण्याचं पाहू. चोराच्या दृष्टीनं बेट अडचणीचं, यात शंका नाही. फेरीबोटीच्या वेळा ठरलेल्या, धक्का एकच, आणि बोटीत चढणाऱ्याच्या हातातलं बोचकं दहाजणांना दिसतं. चोरलेला टीव्ही किंवा सायकल बेटावर विकायची सोय नाही, कारण ती कुणाची हे विकत घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण ही अडचण फेरीनं येणाऱ्याची. ज्याच्याकडे स्वतःची होडी आहे त्याच्यासाठी समुद्र म्हणजे चहूबाजूंनी खुला रस्ता. कॅनाच्या बंदरात उन्हाळ्यात बाहेरच्या होड्या मुक्कामाला असतात. शिवाय पाणी चोराला अडवतं तसं पोलिसालाही. कॅनावर पोलिस ठाणं नाही. मदत यायची तर मुख्य भूमीवरून, बोटीनं, आणि वारा-वादळानं परवानगी दिली तर. शहरात दहा मिनिटांत येणारी गाडी इथं दुसऱ्या दिवशीची बोट होते.

मग इतकी वर्षं दुकान उघडं राहिलं ते कशाच्या जोरावर? जेन जेकब्स यांनी १९६१ साली अमेरिकी शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात याचं उत्तर सापडतं. रस्ता सुरक्षित राहतो तो प्रामुख्यानं तिथल्या दुकानदारांच्या, शेजाऱ्यांच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सहज नजरेमुळे, पोलिस त्यानंतर येतात, असं त्यांचं प्रतिपादन होतं. लिहिलं शहराबद्दल, पण बेटाला ते जास्तच लागू पडतं. लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. तिथलं जमिनीचं क्षेत्र अवघं बत्तीस चौरस किलोमीटर, आणि २०११च्या जनगणनेनुसार त्यावर चौसष्ट हजारांहून अधिक माणसं. म्हणजे तिथं एकांत नाहीच, दाटीवाटी आहे. मराठी घरातून आलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी तिथल्या कल्पेनी बेटाचा अभ्यास केला; इस्लाम आणि मातृवंशपरंपरा तिथं एकत्र कशी नांदतात हा त्यांचा विषय होता. त्या जुन्या रीतीत लग्नानंतरही बाई आपल्या आईच्या तरवाडातच, म्हणजे मातृवंशाच्या एकत्र घरातच, राहायची आणि नवरा रात्री तिच्या घरी यायचा. त्यांचा प्रश्न वेगळा होता, पण त्यांनी वर्णन केलेल्या घराकडे घरफोडीच्या नजरेनं पाहिलं तर एक गोष्ट लख्ख दिसते: आजी, मावश्या, बहिणी, त्यांची पोरं अशा माणसांनी भरलेलं ते घर कधी रिकामंच पडत नाही. रिकाम्या घरावर टपलेल्या चोराला तिथं काय मिळणार? त्यातच बाहेरच्या माणसाला बेटांवर पाऊल ठेवायला परवाना लागतो, म्हणजे कोण आलं-गेलं याची नोंदही राहते.

हे मान्य केलं की बेटावरच्या घरफोडीची खरी भीती कुठं आहे ते कळतं. ती बंद घरांत आहे. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर जुनी, देखणी, ऐसपैस घरं आहेत आणि त्यांतल्या काहींचे मालक मुंबईत, आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये. स्कॉटलंडच्या बेटांवर हीच गोष्ट सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांची. घराला तीन कुलपं घातली तरी समोरच्या घरातला दिवा वर्षातून महिनाभरच लागत असेल, तर पाहणारं कोण? कॅमेरा लावावा, हा अलीकडचा सल्ला, आणि कॅनाच्या चोरीनंतर तिथंही तो विचार झाला. बंद घरासाठी तो योग्यच आहे. पण कॅमेरा फक्त पाहतो, बोटीपर्यंत धावत जात नाही. शेजाऱ्याकडे किल्ली असणं, त्यानं आठवड्यातून एकदा खिडक्या उघडणं, अंगणातला पाचोळा लोटणं, हे कॅमेऱ्याच्या आधीचं काम. पण ओळखीच्या नजरेलाही मर्यादा असते, हे आपल्याकडच्या शनिशिंगणापूरला कळलं. दार नसलेल्या घरांचं हे गाव म्हणजे श्रद्धेचं बेटच, पण भाविकांची रीघ लागल्यावर तिथल्या बँकेनं २०११ साली शाखा काढली ती काचेचं दार बसवून, आणि २०१५ मध्ये गावाला पोलिस ठाणंही मिळालं. यात श्रद्धेचा पराभव झाला असं मला वाटत नाही. ओळखीच्या माणसांपुरता असलेला विश्वास हजारो अनोळखी माणसांपर्यंत ताणता येत नाही, एवढंच. तसंच बेटावर नव्यानं आलेल्यानं दाराला कुलूप लावलं तर तो शेजाऱ्यांचा अपमान समजायचं कारण नाही.

इथवर ओळखीचं कौतुक झालं. आता तिची काळी बाजू, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पॅसिफिक महासागरातलं पिटकेर्न बेट हे ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडखोरांनी १७९० साली वसवलेलं. विमानतळ नाही, न्यूझीलंड पाच हजार किलोमीटरहून लांब, वस्ती पन्नासच्या आत. धर्मपरायण, साधी, शांत जागा अशी त्याची जगभर ख्याती होती. १९९९ मध्ये इंग्लंडहून तात्पुरत्या कामासाठी आलेल्या एका महिला पोलिसाच्या कानावर एका मुलीची तक्रार गेली आणि चौकशी सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या लहान मुलींवर लैंगिक अत्याचार होत आल्याचं त्या चौकशीतून उघड झालं. २००४ साली बेटावर खटला चालला. सात पुरुष आरोपी होते, सहा दोषी ठरले, आणि त्यांत बेटाचा महापौरही होता. अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि २००६ मध्ये फेटाळलं गेलं. ज्या बेटावर चोराची भीती नव्हती तिथं मुली स्वतःच्या गावात सुरक्षित नव्हत्या. तक्रार करायची तर कुणाकडे? पोलिस बेटावरचाच, म्हणजे कुणाचा तरी भाऊ, काका नाही तर शेजारी. आणि जहाजावरून धान्य-इंधन उतरवायला लांब होड्या वल्हवणारे हात त्याच पुरुषांचे. ही माणसं तुरुंगात गेली तर बेट जगेल कसं, हा सवाल खटल्याच्या वेळी उघडपणे विचारला गेला. मला तो सवालच भयंकर वाटतो, कारण मुलींचं गप्प राहणं ही त्यात बेटाच्या जगण्याची किंमत ठरत होती.

पिटकेर्न हा अपवाद आहे, त्यावरून सगळ्या बेटांना नावं ठेवू नका, असं कुणी म्हणेल. गुन्ह्याच्या प्रमाणात तो अपवाद आहेच. पण त्यामागचा पेच कुठल्याही छोट्या वस्तीला परका नाही. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार आणि पोलिस उद्या सकाळी एकाच विहिरीवर, एकाच धक्क्यावर भेटणार असतील, तर तक्रार करण्याआधी माणूस दहादा विचार करतो. मारहाण, घरातला छळ, जमिनीचा वाद या साऱ्यांत हेच होतं. म्हणून गुन्ह्यांची नोंद कमी दिसली तर दोन शक्यता धराव्या लागतात: गुन्हे खरोखर कमी आहेत, किंवा ते सांगितले जात नाहीत. नुसता आकडा पाहून यातलं कुठलं खरं ते कळत नाही.

यावर दुसऱ्या टोकाचं उत्तरही पुढं येतं, की मग बाहेरून कडक कायदा आणा. लक्षद्वीपमध्ये २०२१ साली समाजविघातक कृत्यांना आळा घालण्याच्या नावाखाली, माणसाला खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत डांबून ठेवण्याची मुभा देणारा मसुदा आणला गेला. जिथं गुन्हेच कमी तिथं हे हत्यार कशाला, असं म्हणत बेटांवरच्या लोकांनी विरोध केला. त्यांचा विरोध मला रास्त वाटतो. दबलेल्या माणसाला हवा असतो तो ऐकून घेणारा बाहेरचा कान. बाहेरून उगारलेली काठी त्याचं तोंड आणखी बंद करते. पिटकेर्नवर खटल्यानंतर न्यूझीलंडचे पोलिस पाळीपाळीनं नेमले गेले, मुलांसाठी समाजसेविका आली. बाहेरच्याला गाव काय कळणार, हा आक्षेप तिथंही होता, आणि त्यात तथ्यही आहे: कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची होडी कुठं बांधलेली असते, हे गावातल्यालाच ठाऊक. इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटानं ही दोन कामं, गाव ओळखणं आणि निवाडा करणं, वाटून घेतली आहेत. तिथं मोटारी नाहीत, वस्ती पाचशेच्या आसपास, आणि शिपाई बेटाची सभाच निवडते. १८५६ साली बांधलेला दोन कोठड्यांचा तुरुंग अजून उभा आहे, पण त्यात माणसाला दोन दिवसांपलीकडे ठेवत नाहीत. प्रकरण गंभीर असलं तर ते बोटीनं शेजारच्या गर्न्सी बेटावर जातं, आणि त्याचा निकाल करणारा माणूस सार्कवरच्या कुणाचाच शेजारी नसतो.